इमा कैथेल : मातांचा बाजार

मणिपुरी भाषेत ‘इमा’ म्हणजे आई आणि ‘कैथेल’ म्हणजे बाजार. इंफाळ शहराच्या मध्यभागी असलेल्या ख्वाइरामबंद बाजाराला लोक ‘इमा कैथेल’ या नावाने ओळखतात, कारण येथे विक्रीस बसणाऱ्या साऱ्या स्त्रियाच असतात. ग्राहक म्हणून पुरुषाला येथे मज्जाव नाही. परंतु ओट्यावर बसून माल विकण्याचा अधिकार त्याला नाही. तीन हजारांहून अधिक स्त्रियांचा हा बाजार कित्येक शतके चालत आला आहे.

सकाळी बाजारात प्रवेश केला की प्रथम जाणवतो तो वास. तो असतो ‘ङारी’चा. लहान मासे वाळवून मातीच्या मडक्यांत दाबून भरतात आणि मडक्याचे तोंड बंद करून ते महिनोन्महिने मुरू देतात. चारही बाजूंनी डोंगर आणि समुद्र दूर, अशा या पावसाळी खोऱ्यात अन्न टिकविण्याच्या कलेला फार महत्त्व आले, यात नवल नाही. मुरवलेले बांबूचे कोंब आणि आंबवलेले सोयाबीन या वस्तू त्याच गरजेतून आल्या. त्यांच्या शेजारीच कमळाचे देठ, लोकताक सरोवरातील मासे, काळा तांदूळ, ‘योङचाक’च्या लांबलचक शेंगा आणि अतिशय तिखट अशी ‘उमोरोक’ मिरची मांडलेली दिसते. कमरेला फानेक व खांद्यावर इनाफी घेतलेल्या, कपाळी चंदनाचा टिळा लावलेल्या वयस्क स्त्रिया ओट्यांवर ओळीने बसलेल्या असतात.

बाजार स्त्रियांच्या हाती कसा आला? परंपरा त्याचा आरंभ सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सुमारास मानते. त्या काळी मणिपुरात ‘लाल्लुप’ नावाची पद्धत रूढ होती. तिच्यानुसार प्रौढ पुरुषाला दर चाळीस दिवसांपैकी दहा दिवस राजाची चाकरी विनावेतन करावी लागे. शिवाय युद्धप्रसंगी रणांगणावर जावे लागे. अशा वेळी शेती पाहणे, कापड विणणे आणि उरलेला माल विकून संसार चालविणे ही कामे स्त्रियांकडे आली. १८९१ मध्ये इंग्रजांनी मणिपूर जिंकले व पुढल्याच वर्षी लाल्लुप बंद झाली. पण बाजार स्त्रियांच्याच हाती राहिला.

येथील जागेचा हक्क सामान्यतः विवाहित स्त्रीला मिळतो आणि तो सासूकडून सुनेकडे किंवा आईकडून मुलीकडे जातो. भांडवलाची अडचण ‘मारुप’मुळे काही अंशी सुटते. मारुप म्हणजे आपल्याकडील भिशीच होय. प्रत्येकीने ठराविक रक्कम जमा करावयाची आणि पाळीपाळीने एकेकीने ती सर्व उचलावयाची. शेजारी बसणाऱ्या स्त्रियांमध्ये परस्परविश्वास असल्याशिवाय अशी व्यवस्था चालू शकत नाही. हाच विश्वास संकटकाळी संघटनेचे रूप घेतो, हे या बाजाराच्या इतिहासावरून दिसून येते.

१९०४ मध्ये इंफाळमधील एका इंग्रज अधिकाऱ्याचा बंगला जळाला. तो पुन्हा बांधण्यासाठी पुरुषांनी वेठीने लाकूड आणावे, असा हुकूम निघाला. तेव्हा त्याविरुद्ध स्त्रिया हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरल्या. हा पहिला ‘नुपी लान’, म्हणजे स्त्रियांचा संग्राम.

दुसऱ्या संग्रामाचे कारण तांदूळ होते. १९३९ साली अतिवृष्टीने पिकाची हानी झाली होती, तरीही व्यापारी राज्याबाहेर तांदूळ पाठवीतच होते. तांदळाच्या गिरण्या निघाल्यामुळे घरी भात कांडून तांदूळ विकणाऱ्या स्त्रियांचा धंदा आधीच बुडत चालला होता. टंचाईची पहिली चाहूल बाजारात बसणाऱ्या बाईलाच लागते. आज किती तांदूळ आला आणि कोणत्या भावाने गेला, हे तिला कोणत्याही दप्तरापेक्षा आधी कळते. १२ डिसेंबर १९३९ रोजी हजारो स्त्रिया दरबाराच्या कचेरीवर गेल्या. निर्यात बंद करण्याचा हुकूम महाराजच देऊ शकतात आणि ते नवद्वीपला गेले आहेत, असे दरबाराच्या इंग्रज अध्यक्षाने सांगितले. तेव्हा स्त्रियांनी त्याला तारघरात नेले आणि महाराजांना तार करावयास लावली. उत्तर येईपर्यंत त्या तेथून हलेनात. अखेरीस आसाम रायफल्सचे जवान आले. संगिनी व बंदुकीचे दस्ते चालले, वीसहून अधिक स्त्रिया जखमी झाल्या. दुसऱ्या दिवशी निर्यातबंदीचा हुकूम आला. तरीही स्त्रियांनी बाजारावर घातलेला बहिष्कार दीर्घकाळ चालू राहिला. मणिपुरात १२ डिसेंबर हा दिवस आजही नुपी लानच्या स्मरणार्थ पाळला जातो.

२०१० मध्ये बाजारासाठी नव्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांना लेइमारेल सिदबी, इमोइनू आणि फोउओइबी या देवतांची नावे देण्यात आली. यांपैकी फोउओइबी ही धान्याची देवता होय. ४ जानेवारी २०१६ च्या भूकंपात या वास्तूंची मोठी हानी झाली. पुढे २०२० मध्ये महामारीमुळे बाजार अनेक महिने बंद राहिला. ३ मे २०२३ रोजी राज्यात हिंसाचार उसळला, संचारबंदी लागली आणि खोऱ्यातील मैतेई व डोंगरांतील कुकी-झो या समाजांतील ये-जा तुटली. डोंगर आणि खोरे यांना जोडणाऱ्या बाजाराला हा घाव इमारत कोसळण्यापेक्षाही खोल होता.

ज्यांना आत ओटा मिळालेला नाही, अशा अनेक स्त्रिया बाहेरच्या रस्त्याकडेला टोपल्या मांडून बसतात. त्यांच्याकडे ना परवाना, ना डोक्यावर छप्पर. बाजार पाहावयास येणाऱ्याने इमारतींबरोबर या टोपल्याही पाहाव्यात. इमा कैथेल ज्या काळी सुरू झाला, त्या काळी त्यालाही भिंती नव्हत्या. होत्या त्या केवळ टोपल्या आणि त्यांमागे बसलेल्या स्त्रिया.