एकोणिसाव्या वॉर्डातील अंत्ययात्रा

शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावर ‘हल हाउस’ नावाचे सेवाकेंद्र होते. त्याच्या शिशुगृहात एक टाकून दिलेले मूल वाढत होते. बरीच शुश्रूषा करूनही ते दगावले. केंद्रातील सुशिक्षित स्त्रियांनी व्यवहारी निर्णय घेतला : मुलाला कोणी नातलग नाही, तेव्हा सरकारी खर्चाने त्याचे दफन व्हावे. गाडी अकरा वाजता येणार होती. नऊच्या सुमारास ही गोष्ट वस्तीत कळली आणि शेजारचे पाच-सहा जण तावातावाने दारात येऊन उभे राहिले. बेवारस म्हणून मूल पुरायचे, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. स्वतःच्या फाटक्या खिशातून वर्गणी काढून त्यांनी अंत्यविधीचा खर्च उभा केला. आपण वस्तीच्या खऱ्याखुऱ्या नीतिभावनेला धक्का देत आहोत हे आपल्याला तेव्हा उमगलेच नव्हते, अशी कबुली केंद्राच्या संस्थापक जेन अ‍ॅडम्स यांनी पुढे दिली.

अशी चूक ज्याच्या हातून कधीच झाली नसती, असा एक माणूस त्याच वॉर्डात होता. त्याचे नाव जॉन पॉवर्स. तो वॉर्डाचा नगरसेवक होता आणि शहरातील भ्रष्ट राजकारणाचा एक आधारस्तंभही. अमेरिकेच्या औद्योगिक शहरांतले ‘बॉस’चे राजकारण कशावर उभे होते, हे या दोघांच्या झगड्यातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

1850 मध्ये शिकागोची वस्ती तीस हजारांच्या आत होती. 1890 मध्ये ती अकरा लाखांच्या घरात गेली आणि 1900 मध्ये सतरा लाखांना टेकली. रेल्वे, कत्तलखाने, लोखंडाचे व यंत्रांचे कारखाने यांना हात हवे होते आणि ते समुद्रापलीकडून येत होते. 1890 मध्ये शहरातील तीन-चतुर्थांशांहून अधिक लोक एकतर परदेशात जन्मलेले किंवा अशांची मुले होती. एकोणिसाव्या वॉर्डात आधी आयरिश आणि जर्मन राहत. त्यांच्या शेजारी इटालियन, बोहेमियन, रशिया-पोलंडमधले ज्यू आणि ग्रीक येऊन वसले. 1895 मध्ये हल हाउसने या भागाचे नकाशे प्रसिद्ध केले. घरोघरी विचारपूस करून कोणत्या घरात कोणत्या देशाचे लोक राहतात आणि आठवड्याला किती कमावतात, हे त्यात रंगांनी दाखवले होते.

या माणसांना बेकारी भत्ता नव्हता, विमा नव्हता, निवृत्तिवेतन नव्हते. काम सुटले, पोराला पोलिसांनी धरले, घरभाडे थकले तर जायचे कुणाकडे? पॉवर्सकडे. तो स्वतः आयर्लंडमधून आलेला, किराणा दुकान आणि मग दारूचा गुत्ता चालवून वर चढलेला. 1888 मध्ये तो नगरसेवक झाला. तो जामीन राही, भाडे भरी, लग्नात आहेर देई. कुणाकडे मयत झाले तर शवपेटी आणि गाड्यांची सोय करी. अ‍ॅडम्स यांनी लिहून ठेवले आहे की, एका नाताळात त्याने सहा टन टर्की आणि चार टनांहून अधिक बदके व हंस वाटले. वॉर्डातील दर पाच मतदारांपैकी एकाची नोकरी त्याच्या मर्जीवर अवलंबून होती, असेही त्या सांगतात.

हा पैसा येई कुठून? ट्राम कंपन्या, वीज आणि गॅस कंपन्या यांना शहराचे रस्ते वापरायला नगरपालिकेची परवानगी लागे. ती देण्याघेण्यात नगरसेवकांचे हात ओले होत. ट्रामसम्राट चार्ल्स यर्कीझ याचा सभागृहातला प्रमुख पाठीराखा पॉवर्सच होता. वॉर्डातल्या लोकांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पण श्रीमंत कंपन्यांकडून घेतो आणि गरिबांना देतो, त्यात वाईट काय, असा त्यांचा हिशेब. ट्रामच्या प्रत्येक भाड्यातून त्या टर्कीचे पैसे आपणच भरतो आहोत, हे त्या हिशेबात येत नसे. गल्लीतला कचरा उचलला जात नसे, तो याच कारभारामुळे. आणि त्यातून येणाऱ्या आजाराने पोर गेले, की शवपेटीला तोच नगरसेवक धावून येई.

अ‍ॅडम्स यांनी कचऱ्यापासूनच सुरुवात केली. 1895 मध्ये त्यांनी कचरा उचलण्याच्या मक्त्यासाठी निविदा भरली. ती तांत्रिक कारणावरून फेटाळली गेली, पण महापौरांनी त्यांना वॉर्डाच्या कचरा-निरीक्षक नेमले. भल्या पहाटे त्या गाड्यांच्या मागे फिरू लागल्या. एका अरुंद गल्लीत तर साठलेल्या कचऱ्याखाली अठरा इंचांवर फरसबंदी सापडली!

1896 आणि 1898 मध्ये हल हाउसने पॉवर्सविरुद्ध उमेदवाराच्या पाठीशी बळ उभे केले. एका निवडणुकीत त्यांचा माणूस गवंडी होता. प्रचाराच्या चित्रात एकीकडे डब्यातली भाकरी खाणारा हा गवंडी आणि दुसरीकडे मेजवानीत शॅम्पेन पिणारा पॉवर्स दाखवला होता. सुधारकांना वाटले, कष्टकरी मतदार आपल्यातल्या माणसालाच निवडतील. झाले उलटे. विटा रचणाऱ्यापेक्षा शर्टावर हिरा लावणारा, आपल्यातूनच मोठा झालेला माणूस लोकांना अधिक भावला. दोन्ही वेळा पॉवर्स निवडून आला.

या पराभवातून अ‍ॅडम्स यांनी जे शोधून काढले, ते भल्याभल्या सुधारकांना दिसले नव्हते. 1898 मधील लेखनात त्या म्हणतात, मतदार अनीतिमान म्हणून भ्रष्ट माणूस निवडून येतो, ही समजूत चुकीची आहे. शेजारधर्म, दयाबुद्धी, दिल्या शब्दाला जागणे या वस्तीच्या नीतीच्या कसोट्या होत्या आणि त्यांवर पॉवर्स उतरत होता. सुधारक मात्र कारभारातील काटकसर सांगत. ती चांगलीच, पण ज्याच्या घरात प्रेत आहे, त्याला तिचा काय उपयोग?

म्हणून नुसते प्रवचन पुरेसे नव्हते. पॉवर्स जे मेहेरबानी म्हणून देत होता, ते हक्क म्हणून मिळायला हवे होते. हल हाउसच्या फ्लॉरेन्स केली यांच्या खटपटीने 1893 मध्ये इलिनॉय राज्यात चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यांतून बाहेर काढणारा कायदा झाला. स्त्रियांसाठी आठ तासांच्या दिवसाचे त्याच कायद्यातले कलम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1895 मध्ये रद्द केले. 1899 मध्ये शिकागोत बालगुन्हेगारांसाठी स्वतंत्र न्यायालय आले, 1911 मध्ये निराधार मातांना राज्याचे साहाय्य सुरू झाले आणि 1935 मध्ये केंद्र सरकारने सामाजिक सुरक्षेचा कायदा केला. बॉसच्या हातातली एकेक गोष्ट अशी कायद्याकडे गेली. तरीही विसाव्या शतकातही पॉवर्स बराच काळ सभागृहात होताच.

कायद्याने मिळणाऱ्या मदतीचा मोठा गुण हा, की ती बदल्यात मत मागत नाही. पण ती अंत्ययात्रेला येत नाही, हेही खरे. सकाळी नऊ वाजता हल हाउसच्या दारात उभे राहिलेले ते पाच-सहा शेजारी कसलेही मत मागत नव्हते आणि तरी आले होते. त्यांची ही माया ओळखून पॉवर्सने तिच्यावर सत्ता उभी केली. अ‍ॅडम्स यांना ती ओळखायला एक चूक करावी लागली.