मळ्यांतील कमळतळ्याची हिंवाळी निगा

दिवाळी सरली कीं आपण रब्बीच्या कामांत गुंततों आणि मळ्यांतील कमळांचें तळें मागें पडतें. पावसाळ्यांत तुडुंब भरलेल्या तळ्यास आतां काय व्हावयाचें आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. आमचीही तशीच होती.

एका मार्गशीर्षांत आमच्या निफाडकडील मळ्यावर चार दिवस आभाळ भरून राहिलें. पांचव्या पहाटेस तळ्यांतील मासे वर येऊन तोंडें उघडीत होते. दिवस उगवेपर्यंत बहुतेक मेले. गड्यांनीं थंडीस दोष दिला. वास्तविक गार पाण्यांत प्राणवायु अधिकच विरघळतो. दोष आमच्या आळसाचा होता. तळाशीं कुजणारा पाला हा वायु सारखा खर्च करीत होता. पाण्यांतील वनस्पति तो उन्हांत निर्माण करतात, पण आभाळामुळें ती भर कमी पडली. आणि वर दाटलेल्या जलपर्णीमुळें बाहेरची हवाही पाण्यांत नीट मिसळेना.

तेव्हांपासून दप्तरी संवयीप्रमाणें आम्ही तळ्याची वही ठेवितों आणि कार्तिकांतच पुढील कामें उरकतों.

पहिलें काम, जलपर्णी मुळांसकट उपटून काढणें. ती कांठावर चांगली वाळवून खताच्या खड्ड्यांत घालावी. ओढ्यांत मात्र कदापि टाकूं नये. तिचीं रोपें झपाट्यानें वाढतात आणि खालच्या शेजाऱ्याचें पाणी आपल्या हातून बिघडतें.

दुसरें, गळलेला पाला व कुजकीं पानें जाळीनें काढावीं. कमळाचें पान पिवळें पडूं लागलें म्हणून लागलेंच तोडूं नये; तें पूर्ण वाळूं द्यावें. त्याचा देठ पोकळ असून त्यांतून चिखलांतील कंदास हवा मिळते. यास्तव तो पाण्याच्या वर चार बोटें राखूनच कापावा. खालीं कापल्यास पाणी आंत शिरून कंद कुजण्याचें भय असतें. कंद या दिवसांत निजलेला असतो. त्यास खत घालूं नये व हलवूंही नये. फाल्गुनाच्या सुमारास नवे कोंब दिसूं लागले म्हणजे फोडणी करून नवी लागण करावी.

तिसरें, माशांचें खाणें कमी करावें. पाणी गार झालें कीं त्यांची भूक मंदावते आणि उरलेला कोंडा तळाशीं कुजतो.

चवथें, पाण्याची खोली निदान दोन हात राखावी. उथळ पाणी रात्रींत लवकर गारठतें. भर घालणें ती विहिरीच्या पाण्याची दुपारीं घालावी आणि धार हातभर उंचीवरून पडूं द्यावी, म्हणजे पाण्यांत हवा मिसळते.

निफाडकडे कांहीं वर्षीं पारा ५ अंशांच्याही खालीं उतरतो, तरी थंड मुलखांतल्याप्रमाणें आपलीं तळीं गोठत नाहींत. आपल्या तळ्याचा खरा शत्रु बर्फ नसून कुजका पाला होय. दोन माणसांच्या एका दिवसाच्या कामानें तो दूर होतो; तेवढा दिवस वाचकबंधूंनीं हरभऱ्याच्या पेरणींतून अवश्य काढावा.