माप आणि शब्द

लाकडाचे काम शिकणे आणि लाकडाच्या कामावर टिकणे या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. पहिली शिकविणारे मिस्त्री बडोद्यात अजूनही गल्लोगल्ली भेटतात. दुसरी शिकविणारा सहसा कोणी भेटत नाही. ती ज्याची त्याने ठेचा खातच शिकावी, असा जणू या धंद्याचा दंडक आहे. आमच्या शाळेतून बाहेर पडून फर्निचरच्या कारखान्यांत व दुकानांत कामाला लागलेल्या मुलांकडे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. ज्यांनी हे काम अर्ध्यावर सोडले, त्यांच्यापैकी फार थोड्यांना रंधा धरता येत नव्हता. कामावर कसे वागावे, हे मात्र बहुतेकांना कोणी सांगितलेच नव्हते. या धंद्यात नव्याने शिरणाऱ्या मुलांसाठी, आणि त्यांना तेथे पाठविताना मनात किंतू बाळगणाऱ्या आईवडिलांसाठी, म्हणून हे चार शब्द.

हाताच्या विद्येचा मान बडोद्याला नवा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन काढले. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके हेही तेथील विद्यार्थी. कलाभवनाची धुरा प्रथम ज्यांनी वाहिली ते त्रिभुवनदास गज्जर रसायनशास्त्राचे जाणकार होते, पण त्यांचा जन्म सुतारकाम करणाऱ्या समाजातला. ‘गज्जर’ हे आडनाव ‘गजधर’ या शब्दावरून आले असे सांगतात. गजधर म्हणजे ज्याच्या हाती गज, अर्थात मापाची काठी आहे, तो. करवत, पटाशी, वाकस इतकी हत्यारे जवळ असताना कारागिराची ओळख मापाच्या काठीवरून ठरावी, यात मोठा अर्थ भरला आहे.

माप

नव्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी कोणी सागाची फळी देत नाही. त्याला टेपचे दुसरे टोक धरावयास सांगतात. हे काम हलके समजू नये. आपल्याकडे फर्निचरच्या धंद्यात दोन भाषा एकाच वेळी बोलल्या जातात. प्लायवूडची फळी ‘आठ बाय चार’ फुटांची, पण तिची जाडी १८ मिलिमीटर. आणि मिस्त्री तोंडाने सांगणार इंच व सूत. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरांहून किंचित अधिक. हे रूपांतर ज्याला चटकन येते, तो मुलगा महिनाभरात मिस्त्रीच्या उजव्या हाताला उभा राहतो.

शाळेचे गणित येथे उपयोगी पडते, पण जसेच्या तसे नव्हे. २४४० मिलिमीटर लांबीच्या फळीचे चार समान तुकडे करावयाचे असतील, तर मुले क्षणात उत्तर देतात : ६१०. भागाकार बरोबर, पण कपाट बिघडले! गोल करवतीचे पाते दर कापणीला सुमारे तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा करते. चार तुकड्यांना तीन काप, म्हणजे नऊ मिलिमीटर गेले. पहिले तीन तुकडे ६१० चे कापले, तर शेवटचा ६०१ चा उरतो. कापण्याआधी जो हा हिशेब मांडतो, तो मालकाची एक फळी वाचवितो.

ड्रॉवरचेही असेच. बाजूला बसविण्याच्या सरकत्या चॅनेलला दोन्ही बाजूंस साधारण अर्धा-अर्धा इंच जागा लागते. खणाच्या आतल्या मापातून एक इंच वजा न करता ड्रॉवर केला, तर तो खणात जाणारच नाही. भरीव सागाची गोष्ट आणखी वेगळी. पावसाळ्यात ती फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ मुळीच नाही. उन्हाळ्यात अगदी घट्ट बसविलेले दार श्रावणात उघडत नाही, याचे कारण हेच.

मापे घेण्याची शिस्त आम्ही मुलांना अशी सांगतो. भिंतीतील कोनाड्याचे माप वर, मध्ये व खाली असे तीन ठिकाणी घ्यावे आणि त्यांतील सर्वांत लहान धरावे. कारण भिंती दिसतात तितक्या सरळ नसतात. रुंदी, खोली, उंची हा क्रम कधी बदलू नये. माप तेथल्या तेथे वहीत लिहावे व मिस्त्रीला मोठ्याने वाचून दाखवावे. गिऱ्हाइकाने मोबाइलवर छायाचित्र व मापे पाठविली असली, तरी आपली टेप लावल्याशिवाय लाकडाला करवत लावू नये. लाकडाचे घनफूट काढता यावे, हेही आलेच. सहा फूट लांब, नऊ इंच रुंद व एक इंच जाड फळी म्हणजे ०.३७५ घनफूट. साग घनफुटाच्या भावाने विकला जातो. ज्याला हा हिशेब येतो त्याला वखारीत कोणी फसवू शकत नाही, आणि मालकही त्याच्यावर खरेदी सोपवू लागतो.

शब्द

आमचा एक जुना विद्यार्थी हाताचा फार चांगला होता. त्याच्या पॉलिशला कोणी नाव ठेवीत नसे. तरी सहा महिन्यांत त्याचे काम सुटले. कारण एकच : कोणी विचारले की तो ‘उद्या देतो’ म्हणत असे. नाही म्हणणे त्याला जड जाई, आणि समोरच्याला तेवढ्यापुरते बरे वाटावे म्हणून तो उद्याचा वायदा करी. मुलीच्या लग्नासाठी कपाट करावयास दिलेल्या घरी त्या ‘उद्या’चा काय अर्थ होतो, हे त्याला कोणी समजावून सांगितले नव्हते. त्या घराने उचल दिलेली असते, टेम्पो ठरविलेला असतो, पाहुण्यांना निमंत्रणे गेलेली असतात.

शब्द पाळणे म्हणजे कधीच उशीर न होणे नव्हे. लाकूड ओले निघते, चॅनेल वेळेवर येत नाही, पॉलिश दमट हवेत वाळत नाही. उशीर होणार हे कळताच, मुदत उलटण्यापूर्वी, स्वतः होऊन सांगणे हाच शब्द पाळण्याचा मार्ग. “काका, बुधवारी होणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः घेऊन येतो,” हे वाक्य बोलण्यास धैर्य लागते, पण एकदा ते बोलता आले की गिऱ्हाईक तुटत नाही. मात्र त्या शुक्रवारी गेलेच पाहिजे.

भाव सांगण्याचा अधिकार मालकाचा. घरातील आजींनी कितीही प्रेमाने विचारले, तरी नव्या मुलाने “शेठना विचारून सांगतो” इतकेच म्हणावे. अंदाजपत्रकात लाकूड, प्लाय, सनमायका, बिजागऱ्या, मजुरी, पॉलिश व वाहतूक हे सात रकाने वेगळे कसे मांडतात, ते मात्र पाहून ठेवावे; पुढे स्वतःचे दुकान काढताना तेच भांडवल आहे.

दुसऱ्याच्या घरी काम करताना चपला बाहेर, खाली जुनी चादर, आणि निघताना भुसा आपण झाडून न्यावयाचा. आधीच्या सुताराच्या कामाला नावे ठेवू नयेत. त्याने आपली योग्यता वाढत नाही. कारखान्यात राजस्थानचे, उत्तर प्रदेशाचे कारागीर असतात. मालक बहुधा गुजराती. मराठी मुलाने तिन्ही भाषांत नम्रपणे बोलावे आणि वडील कारागिराला नावाने हाक मारू नये.

जीव आणि बोटे

येथे भिडस्तपणा कामाचा नाही. गोल करवतीवरचे संरक्षक झाकण काढून काम करण्यास कोणी सांगितले, तर नव्या मुलाने स्पष्ट नकार द्यावा. अरुंद तुकडा हाताने न ढकलता काठीने ढकलावा. फिरत्या पात्याजवळ हातमोजे, सैल बाह्या, मनगटावरचे दोरे व कानात मोबाइलची गाणी यांपैकी काहीही नको. पाते बदलण्यापूर्वी विजेचा प्लग स्वतःच्या हाताने काढावा.

भुसा निरुपद्रवी वाटतो. तो तसा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. म्हणून घासकाम करताना तोंडाला धूळ अडविणारा चांगला मास्क हवा. नुसता रुमाल पुरत नाही. अळशीच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. तो आपोआप तापून पेट घेतो; चिंध्या पसरून वाळवाव्यात.

पालकांनीही कायदा ध्यानात ठेवावा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला परक्याच्या कारखान्यात कामावर ठेवता येत नाही, आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामास लावण्याची मनाई आहे. घरची ओढाताण आम्ही जाणतो; पण गेलेले बोट पगारातून परत येत नाही.

कोठून आरंभ करावा

आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे व आठवी उत्तीर्ण मुलास तेथे प्रवेश मिळू शकतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन घेत कारखान्यात शिकता येते. मात्र करारपत्र लेखी असावे व त्याची प्रत घरी ठेवावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पंतप्रधान विश्वकर्मा योजना आधीपासून स्वतःचे काम करणाऱ्या, अठरा वर्षांवरील कारागिरांसाठी आहे. तिच्यातील अठरा व्यवसायांत सुतारकाम येते. प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि ५ टक्के व्याजाने प्रथम एक व नंतर दोन लाखांचे कर्ज अशी तिची रचना आहे.

“शिकून शेवटी रंधाच मारायचा का?” असे पालक आम्हांस विचारतात. त्यांना आम्ही संखेड्याला एकदा जाऊन येण्यास सांगतो. बडोद्याहून फार दूर नाही. खरादावर घडविलेल्या सागाच्या आणि लाखेच्या रंगांनी नटलेल्या तेथील झोपाळ्यांना व खुर्च्यांना भौगोलिक उपदर्शनाचा मान मिळाला आहे. गावाचे नाव हातांनी दूरदेशी नेले.

मुलगा कामावर जाऊ लागला की त्याच्याजवळ टेप, पेन्सिल आणि एक लहान वही असू द्यावी. रात्री जेवताना त्याने आज काय मिळविले हे विचारण्यापूर्वी, आज वहीत काय लिहिले आणि कोणाला कोणता वार दिला, हे विचारावे.