पाबळ : गावाच्या कामातून शिकवणारी शाळा

व्यवसायशिक्षणावर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा समोर सरकारी योजनांचे कागद होते. विद्यापीठ अनुदान आयोगाची कम्युनिटी कॉलेजं, बी.व्होक.ची पदवी, अल्पमुदतीची कौशल्य प्रशिक्षणं. हे सगळं वाचताना एकच प्रश्न मनात येत राहिला : शिकणाऱ्याच्या हातून शिकता शिकता एखादी वस्तू तयार होते का, आणि ती कुणी वापरतं का? उत्तर शोधायला पाबळला गेलो.

पाबळ हे पुणे जिल्ह्यातलं, शिरूर तालुक्यातलं गाव. मस्तानीच्या समाधीमुळे नाव ऐकलेलं असतं. मुलूख कोरडा, अवर्षणाचा. इथल्या माळावर १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग अन्नतंत्रज्ञ. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून पीएचडी केल्यावर त्यांनी बरीच वर्षं हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलं. ती नोकरी सोडून ते पत्नी मीराताईंसह पाबळला येऊन राहिले. आश्रम उभा राहिला तो भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली. ही संस्था जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांची. हेच नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते आणि त्या आयोगाने १९६६च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला होता. त्याआधी १९३७च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली होती. म्हणजे विचार जुनाच होता. कलबागांनी तो एका गावात रोजच्या व्यवहारात आणून दाखवला.

इथला मुख्य अभ्यासक्रम म्हणजे ग्रामीण तंत्रज्ञानाची एक वर्षाची निवासी पदविका. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची तिला मान्यता आहे. दहावी नापास झालेल्या, शाळा सुटलेल्या मुलामुलींनाही प्रवेश मिळतो. विभाग चार : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. प्रत्येकाने चारही विभागांत काम करायचं. वेल्डिंग करणाऱ्या मुलाला रक्तगट तपासायचा असतो, स्वयंपाकघरातल्या मुलीला घराचं वायरिंग करायचं असतं. आणि काम शक्यतो खरं असावं लागतं. शेजारच्या शेतकऱ्याला फाटक हवं असेल तर फाटक करायचं, त्याचं अंदाजपत्रक काढायचं, पैसे घ्यायचे, हिशेब लिहायचा. सरावासाठी दोन पट्ट्या जोडून भंगारात टाकणं आणि ज्याच्यावर उद्या कुणाचं तरी जनावर रेटा देणार आहे असं फाटक जोडणं, यात फार अंतर आहे. दुसऱ्या कामात जोड सुटला तर शेतकरी दारात येऊन उभा राहतो. परीक्षकापेक्षा तो अधिक काटेकोर असतो.

आश्रमाच्या खात्यावर मोठी कामं बरीच आहेत. त्रिकोणांच्या सांगाड्यावर उभा राहणारा पाबळ डोम आहे. जीपचे सुटे भाग वापरून केलेला लहान ट्रॅक्टर आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गेर्शनफेल्ड यांनी फॅब लॅबची, म्हणजे संगणकचलित यंत्रांवर वस्तू घडवायच्या प्रयोगशाळेची, कल्पना जगभर नेली, तेव्हा अगदी सुरुवातीच्या प्रयोगशाळांपैकी एक २००२ साली पाबळला आली. पण मला अडकवून ठेवलं ते भूगर्भातलं पाणी शोधायच्या एका साध्या उपकरणाने.

त्याचं नाव विद्युतरोध मापक. बोअर घेण्याआधी जमिनीखाली ओल कुठे असावी, याचा अंदाज त्याने बांधतात. एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर लोखंडाच्या चार खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीजप्रवाह जमिनीत सोडायचा आणि आतल्या दोन खुंट्यांमधला दाब मोजायचा. दाबाला प्रवाहाने भागलं की रोध मिळतो. त्याला खुंट्यांमधलं अंतर आणि दोन पाय (२π) यांनी गुणलं की जमिनीची रोधकता येते. समजा, खुंट्या दहा-दहा मीटरवर आहेत, दाब ५० मिलिव्होल्ट आणि प्रवाह १०० मिलिअँपिअर भरला. रोध अर्धा ओहम. म्हणजे रोधकता सुमारे ३१ ओहम-मीटर. मग मध्यबिंदू तोच ठेवून अंतर वाढवायचं. अंतर वाढतं तसा प्रवाह खोल जातो आणि खालच्या थराची खबर येते. आकडे आलेखावर मांडायचे. अखंड काळा पाषाण रोध फार दाखवतो. फुटका, कुजलेला, ओल धरलेला खडक कमी दाखवतो.

हे उपकरण हट्टी आहे. उन्हाळ्यात माती इतकी वाळते की खुंटीचा जमिनीशी नीट संपर्कच होत नाही. मग खुंटीच्या बुडाशी पाणी ओतावं लागतं. टेप ढिला धरला तर अंतर चुकतं आणि पुढचं सगळं गणित चुकतं. जवळून तारेचं कुंपण किंवा लोखंडी पाइप गेला असेल तर आकडे भरकटतात. सगळ्यात फसवी चिकणमाती. तिचाही रोध कमीच येतो, पण ती पाणी सोडत नाही. म्हणून आकड्याबरोबर आसपासच्या विहिरी पाहाव्या लागतात, कुणाच्या बोअरला किती फुटांवर मुरूम लागला, किती फुटांवर कातळ, हे विचारावं लागतं.

आता या कामाकडे गणिताच्या शिक्षकाच्या नजरेने पाहा. पाय आहे, गुणोत्तर आहे, एककं आहेत, आलेख आहे, ओहमचा नियम आहे, खडकांचं विज्ञान आहे. ज्या विषयांत मुलं नापास होतात, तेच सगळे विषय. फरक इतकाच की इथे उत्तर चुकलं तर एका शेतकऱ्याचे बोअरला घातलेले पैसे जातात. ही जाणीव असलेला मुलगा दशांश चिन्ह दोनदा तपासतो. परीक्षेसाठी नुसती बेरीज करणं आणि जबाबदारी म्हणून करणं यातला फरक त्याच्या बोटांना कळलेला असतो. कलबागांचं मोठेपण मला इथे दिसतं. शाळेने ज्याला मंद ठरवलं, त्याच्या हातात त्यांनी विज्ञानाचं अवघड काम दिलं आणि गावाने त्या कामावर विसंबावं, अशी व्यवस्था केली.

कलबाग २००३ साली गेले. त्यांच्यानंतरही आश्रम चालू राहिला, वाढला. शाळांसाठी त्यांनी आखलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या अनेक माध्यमिक शाळांत पोचला. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस याच चार विभागांचं काम, आणि शिकवायला गावातलेच कारागीर.

पण काळजी वाटावी अशा गोष्टीही इथूनच दिसायला लागतात.

पहिली अडचण चौकटीची. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला. त्यानंतर अभ्यासक्रम एकेका ठरावीक कामाभोवती बेतले जाऊ लागले : हा वेल्डर, ही शिवणकामगार, हा सोलर तंत्रज्ञ. कारखान्याला ते सोयीचं आहे. खेड्यात मात्र फक्त वेल्डिंगवर वर्षभर पोट भरत नाही. तिथे सकाळी पंप, दुपारी वायरिंग आणि हंगामात शेडनेट असं काम असतं. चार विषय थोडे थोडे येणाऱ्या माणसाला कोणत्या रकान्यात बसवायचं, याचं समाधानकारक उत्तर या चौकटीकडे नाही.

दुसरी अडचण माणसांची. शाळेत शिकवणारा कारागीर मानधनावर असतो. निधी असेपर्यंत तो येतो. निधी थांबला की कार्यशाळेला कुलूप लागतं आणि हत्यारं गंजतात. शिवाय ज्याला उत्तम वेल्डिंग येतं त्याला बाहेर जास्त मिळकत आहे. त्याला शाळेत टिकवायचं तर त्याच्या कौशल्याला शिक्षकाच्या बरोबरीचा मान आणि मोबदला द्यावा लागेल. पदवीवर वेतन ठरवणाऱ्या व्यवस्थेला ते अजून जमलेलं नाही.

तिसरी अडचण सगळ्यात खोल आहे आणि ती आपल्या घरातली आहे. व्यवसायशिक्षण म्हणजे नापासांची सोय, असं आपण मानतो. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२०ने बाराव्या पंचवार्षिक योजनेतला अंदाज दिला आहे : १९ ते २४ वयाच्या भारतीय कामकऱ्यांपैकी ५ टक्क्यांहून कमी जणांना औपचारिक व्यवसायशिक्षण मिळालं. अमेरिकेत हे प्रमाण ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. २०२५पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा अनुभव मिळावा, असं उद्दिष्ट त्याच धोरणाने ठेवलं. उद्दिष्ट चांगलंच आहे. पण धोरणात सुचवल्याप्रमाणे सहावी ते आठवीत कधीतरी दहा दिवस दप्तराविना घालवून ते गाठता येणार नाही. विद्युतरोध मापकाच्या खुंट्या नीट ठोकायलाच मुलांना काही आठवडे लागतात.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आठवड्याचा एक दिवस द्या. तो हुशार आणि नापास, दोन्ही मुलांना द्या, मुलींना आणि मुलग्यांना सारखाच द्या, आणि त्या दिवशी गावाच्या उपयोगाचं खरं काम त्यांच्या हाती सोपवा. हे जमतं, हे पाबळने चार दशकं दाखवून दिलं आहे.