योगवर्ग पडद्यावर, काळजी घरात

‘मुलाने मोबाईलवर योगाचा वर्ग लावून दिला आहे, या वयात तो करावा का?’ असे मला अनेक ज्येष्ठ मंडळी विचारतात. जरूर करावा, असेच माझे उत्तर असते. मात्र त्याची काही पथ्ये आहेत. ती मी पुस्तकात वाचून नव्हे, तर एका सकाळी चांगलाच धडा मिळाल्यावर शिकले.

मी पुण्यात खराडीला योग शिकवते. नगर रस्त्यावरचे हे गाव एकेकाळी शेतीचे होते. आता ते इऑन आयटी पार्कचे आणि उंच इमारतींचे झाले आहे. आमच्या सोसायटीच्या सभागृहात रोज सकाळी वर्ग भरत असे. 9 मार्च 2020 रोजी राज्यातील पहिले करोना रुग्ण पुण्यातच आढळले, 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि सभागृहाला कुलूप लागले. त्या वर्षी 21 जूनचा योग दिनसुद्धा ‘घरी योग, कुटुंबासह योग’ असे म्हणत घरोघरीच साजरा झाला. मीही मोबाईल स्टुलावर उभा केला आणि गटाच्या व्हिडिओ कॉलवर शिकवू लागले. विद्यार्थ्यांनी गावाकडच्या आईवडिलांनाही त्यात जोडून घेतले. टाळेबंदी उठली तरी हा वर्ग चालूच राहिला, कारण ज्यांच्या गावात योगशिक्षक नाही त्यांची त्यामुळे सोय झाली.

वर्गात चौदा जण. कुणाकडे कुकरची शिट्टी, कुणाकडे आरवणारा कोंबडा. म्हणून मी सुरुवातीलाच सर्वांचे आवाज बंद करून ठेवीत असे. एके सकाळी एका चौकटीतले निवृत्त गुरुजी खुर्चीत बसून एकटक समोर पाहत राहिले. मला वाटले, नेटवर्क गेले असेल. चित्र अडकणे आमच्याकडे रोजचेच. मी पुढचे आसन सांगू लागले. जरा वेळाने लक्षात आले, की त्यांच्या मागच्या खिडकीचा पडदा वाऱ्याने हलतो आहे. चित्र अडकले नव्हते. गुरुजी थांबले होते.

मी हाका मारल्या. त्यांचे ओठ हलले, पण त्यांचा आवाज मीच बंद केलेला! सुदैवाने त्यांची मुलगी वर्गातच होती. तिने खराडीहून गावी आईला फोन लावला. आई अंगणात होती, ती धावत आत आली. गुरुजींना दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते. त्यांनी मधुमेहाची गोळी घेतली होती, पण पोटात काहीच नव्हते. रक्तातील साखर उतरली होती. साखरेचे पाणी दिल्यावर ते हळूहळू सावरले. ‘योग रिकाम्या पोटी करावा’ हा नियम त्यांना मीच सांगितला होता, आणि त्यांना मधुमेह आहे का, हे विचारायचे मात्र राहून गेले होते. चूक माझी होती.

समोरासमोरच्या वर्गात शिक्षकाला चेहऱ्याचा रंग दिसतो, श्वासाची लय ऐकू येते, तोल गेला तर हात देता येतो. 1937 मध्ये पुण्यात आलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांनी वृद्ध व आजारी माणसांसाठी खुर्ची, पट्टा, दोर, लाकडी ठोकळा अशा साधनांचा आधार घेऊन आसने शिकवली. त्यांच्या पद्धतीत शिक्षकाच्या डोळ्याला आणि हाताला मोठे महत्त्व आहे. पडद्यावर डोळा अर्धाच उरतो आणि हात तर मुळीच नसतो. म्हणून ते काम घरातल्या कुणीतरी करायला हवे.

त्या दिवसापासून मी चार गोष्टींचा आग्रह धरते.

पहिली, आजार आधी सांगावा. रक्तदाब जास्त असेल तर श्वास रोखून धरू नये. काचबिंदू असेल तर डोके खाली येणारी आसने टाळावीत. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायामाआधी काय आणि किती खावे, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

दुसरी, घरातले एक माणूस हाकेच्या अंतरावर असावे आणि त्याचा किंवा शेजाऱ्याचा फोन नंबर शिक्षकाजवळ असावा. एकटे असाल तर खुर्चीवर बसून करायचे सोपे प्रकारच करावेत.

तिसरी, मोबाईल असा ठेवावा की डोक्यापासून पायापर्यंत सगळे अंग दिसेल. खुर्ची भिंतीला टेकवलेली असावी, पायाखाली घसरणारी चटई नसावी.

चौथी, उठताना घाई करू नये. झूमवर मोफत भरणाऱ्या वर्गाला 40 मिनिटांची मर्यादा असते. पूर्वी शवासनातच कॉल तुटे आणि मंडळी धडपडून उठत. आडव्या स्थितीतून एकदम उठल्यास उतारवयात रक्तदाब क्षणभर खाली येऊन भोवळ येऊ शकते. आधी कुशीवर वळावे, मग बसावे, थोडा वेळ थांबून मगच उभे राहावे. मी आता आसने अर्ध्या तासातच संपवते आणि उरलेला वेळ शवासनासाठी राखून ठेवते.

घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. रक्तातील साखर 70 च्या खाली गेल्यास ती कमी समजतात. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे, बरे वाटले नसेल तर पुन्हा द्यावी. नंतर काहीतरी खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये; कुशीवर वळवून ताबडतोब 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गुरुजी आजही वर्गात येतात, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे थोडे खाऊन. आता मी कुणाचाही आवाज बंद करीत नाही. शिट्ट्या आणि कोंबडा ऐकून घेते. वर्ग सुरू होताना गुरुजी साखरेची डबी मोबाईलसमोर धरून दाखवतात, मागून काकूंचा ‘मी इथेच आहे हो’ असा आवाज येतो, आणि मगच मी पहिले आसन सांगते.