थंडीत नरपडला काइटबोर्डिंग: वेटसूट सगळ्यात शेवटी घे

(ही एपिसोडची लिखित आवृत्ती. बोलण्याच्या ओघातले दहा-बारा ‘म्हणजे’ काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये असाल तर हेडफोन नीट लावा. आणि ऐकण्याऐवजी हे वाचत असाल तर आणखी बरं, कारण आज थोडे आकडे आहेत.

मागच्या आठवड्यात एक व्हॉइस नोट आली. “दादा, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिसेंबर-जानेवारीत नरपडला काइटबोर्डिंग करायचंय. एक सेकंड हँड काइट बघून ठेवलाय. वेटसूट किती मिलिमीटरचा घेऊ?”

ऐकून आधी हसलो, मग जरा गप्प झालो. कारण बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला असताना माझाही पहिला प्रश्न हाच होता, आणि त्याचं चुकीचं उत्तर मी पैसे देऊन विकत घेतलं होतं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पायाखाली बोर्ड, कमरेला हार्नेस, हातात बार, आणि बारपासून वीस-पंचवीस मीटर दोऱ्यांच्या टोकाला हवा भरलेला मोठा पतंग. तो ओढतो, आपण पाण्यावर घसरत जातो. संक्रांतीला पतंग उडवलेल्या माणसाला तत्त्व लगेच कळतं. बार स्वतःकडे ओढला की खेच, पुढे सोडला की ढील. फरक इतकाच की इथे काटाकाटी झाली तर पतंग नाही, आपण जातो.

माझा किस्सा

परदेशी व्हिडिओ बघून मी जाड, पूर्ण अंगाचा वेटसूट घेतला. चार-तीन मिलिमीटरचा. बजेटचा मोठा हिस्सा तिथेच संपला. उरलेल्या पैशांत नऊ मीटरचा जुना काइट आणि त्याहून जुना बार. कोर्स केलाच नाही. व्हिडिओ बघितले होते ना!

डिसेंबर, सकाळचे नऊ, नरपडचा किनारा. सुरूची झाडं हलत होती, पाणी एकदम सपाट. मला वाटलं, यापेक्षा चांगला दिवस मिळायचा नाही. पाण्यात उतरलो. वारा जमिनीकडून समुद्राकडे होता, हे दिसत होतं, पण त्याचा अर्थ कळत नव्हता. नऊ मीटरचा काइट मला बोर्डवर उभं करण्याइतकाही ओढत नव्हता. फक्त आत, आत नेत होता. वर ओहोटी. तासाभरात ऊन तापलं, वारा पडला आणि काइट पाण्यात बसला. क्विक रिलीज ओढला, तर तो मिठाने जाम. समोर डोल जाळ्यांचे खुंट दिसायला लागले. हातातल्या दोऱ्या त्यात अडकल्या असत्या तर पुढचं बोलायला मी नसतो.

परत येणाऱ्या एका होडीतल्या काकांनी बघितलं. सुरीने दोरी कापली आणि मला वर ओढलं. पहिलं वाक्य, “पोरा, सकाळचा वारा बाहेर नेतो, शाळेत शिकवलं नाय काय?”

शिकवलं होतं. भूगोलात. पाच मार्कांना.

आणि गंमत बघ. त्या सगळ्या वेळात मला थंडी अजिबात वाजली नाही. सगळं बजेट तिथेच गेलं होतं.

थंडी नेमकी किती?

आपल्या उत्तर कोकणच्या समुद्राचं पाणी जानेवारीतही साधारण २३ ते २५ अंशांच्या आसपास असतं. चार-तीनचा सूट युरोपातल्या १२ ते १७ अंशांच्या पाण्यासाठी असतो. इथे तो घालून दुपारच्या उन्हात पंप मारलास तर पाण्यात शिरण्याआधीच घामाने भिजशील.

पण म्हणून थंडी वाजतच नाही असं नाही. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं, त्यामुळे २४ अंशांतही दीड तासाने दात वाजू शकतात. जास्त त्रास बाहेर आल्यावर होतो. ओलं अंग, वारा, बाष्पीभवन. माठातलं पाणी गार होतं तेच गणित, माठाच्या जागी आपण. बोटं बधिर झाली की रिलीज ओढणंही जड जातं.

याच्यावर उपाय स्वस्त आहे. दीड-दोन मिलिमीटरचा निओप्रीनचा टॉप किंवा अर्ध्या बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा शॉर्टी सूट. अंगाला घट्ट बसला पाहिजे, सैल असेल तर आतलं पाणी बदलत राहतं आणि फायदा शून्य. किनाऱ्यावर कोरडा टॉवेल, विंडचीटर, थर्मासमध्ये चहा आणि आईने दिलेली कानटोपी. हसू नकोस, कानटोपी खरंच उपयोगी आहे.

खारे वारे, मतलई वारे

आता तो पाच मार्कांचा प्रश्न. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. दुपारी जमीन तापते आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. हे खारे वारे. थंडीत रात्री जास्त गार असतात, वर ईशान्येकडचे हिवाळी वारे, म्हणून सकाळचा मतलई वारा जोर धरतो.

नरपडचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे एक सोपी टेस्ट. समुद्राकडे तोंड करून उभा राहा. वारा मानेवर लागला, तर काइट बॅगेतून काढूच नकोस. उजव्या गालावर लागला, म्हणजे वायव्येकडून येतोय, तर पंप काढ. तो वारा चुकलास तरी तुला किनाऱ्यावरच आणून सोडेल.

दुसरं, भरती-ओहोटी. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. आता बघ, अष्टमीला सकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी, संध्याकाळी सहाला पुन्हा भरती. म्हणजे सकाळी नऊला पाणी बाहेर चाललेलं आणि दुपारी तीनला आत येणारं. शिवाय अष्टमीला भांग असते, पाण्याची ओढ कमी. मी अष्टमीच्याच सुमारास गेलो होतो. दिवस बरोबर निवडला होता, वेळ उलटी. हा अंदाज आहे, त्यामुळे ॲपवर भरतीचं वेळापत्रक बघच. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला इथे पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं. नवशिक्याने ते दिवस सोडावेत.

काइट किती मीटरचा?

एक ढोबळ सूत्र: वजन किलोत, भागिले वारा नॉटमध्ये, गुणिले २.२. तुझं वजन ६५ किलो आणि वारा १२ नॉट, म्हणजे ताशी साधारण २२ किलोमीटर, तर उत्तर येतं जवळपास १२ चौरस मीटर. नऊ मीटरच्या काइटला त्याच वजनाला १६ नॉट लागतील. थंडीतल्या दुपारी नरपडला वारा बऱ्याचदा हलका असतो, म्हणून एकच काइट परवडत असेल तर बारा मीटरचा घे. बोर्डही मोठा, १४० सेंटिमीटरच्या आसपास. मोठा बोर्ड कमी वाऱ्यात तरतो.

पण मोठा काइट घेतला की एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव: वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा दुप्पट, तर ओढ चौपट. १२ नॉटला मजा देणारा काइट २० नॉटच्या झोताला जवळजवळ पावणेतीनपट ओढेल. म्हणून ॲपवर सरासरी वारा बघून थांबू नकोस, झोताचा आकडाही बघ. आणि सुरूच्या झाडांजवळ काइट उडवू नकोस. तिथे वारा गोल फिरतो.

सेकंड हँड घेताना

नवा काइट आणि बार मिळून लाखाच्या वर जातात, त्यामुळे सेकंड हँड घेण्यात लाज नाही. फक्त तपासून घे.

पहिलं, हवा भरणाऱ्या नळ्या असलेलाच काइट घे. ही कल्पना फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंची, १९८४ साली पेटंट झालेली. नळ्यांमुळे काइट पाण्यात तरंगतो, पुन्हा उडवता येतो आणि वेळ आली तर त्यालाच धरून किनारा गाठता येतो. २००५ च्या आधीचे काइट मात्र टाळ, त्यांना पुरेशी ढील देता येत नाही.

दुसरं, काइट कडक फुगवून काही तास तसाच ठेव. मऊ पडला तर आतली नळी किंवा व्हॉल्व्ह गळतोय. कापड बोटांत चोळून बघ. नवं कापड कागदासारखं कुरकुरतं, उन्हाने मेलेलं कापड जुन्या ओढणीसारखं मऊ लागतं.

तिसरं, चारही दोऱ्या एका खांबाला बांधून बार ओढ. बार वाकडा राहिला तर दोऱ्यांची लांबी बिघडलीये. हे दुरुस्त होतं, पण किंमत कमी कर.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्विक रिलीज. हार्नेसला अडकव, मित्राला पूर्ण ताकदीने ओढायला सांग आणि रिलीज कर. दहा वेळा. दहापैकी एकदाही अडकला तर बार घेऊ नकोस. २०२० मध्ये या रिलीजसाठी आयएसओ २१८५३ हे मानक आलं. ते पाळणारा बार मिळाला तर काइट जुना चालेल, बार नवा घे. आमच्या भाषेत सांगायचं तर बाकी सगळं फीचर आहे, हा रोलबॅक आहे. रोलबॅक चालत नसेल तर डिप्लॉय करायचं नाही.

तरंगायचं कसं?

१३ जानेवारी २०१८ ला डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली आणि तीन मुली गेल्या. संक्रांतीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. थंडीतला आपला समुद्र शांत दिसतो, आणि शांत दिसतो म्हणूनच आपण ढिले पडतो.

इम्पॅक्ट व्हेस्ट आणि तरंगायचं जॅकेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इम्पॅक्ट व्हेस्ट मार झेलतं, पण पुरेसं तरंगवेलच असं नाही. नवशिक्याने तरंगवणारं घ्यावं, कमीत कमी ५० न्यूटन लिहिलेलं. हेल्मेट, गळ्यात शिट्टी, हार्नेसला दोरी कापायची आकडी सुरी. किनाऱ्यावर एक मित्र, त्याच्या फोनमध्ये कोस्ट गार्डचा १५५४ आणि ११२ सेव्ह केलेले. आणि उतरण्याआधी तिथल्या मच्छीमारांना विचार, जाळी कुठे लावलीत. ती माहिती कुठल्याही ॲपवर नाही. शिवाय तुला काही झालं तर सगळ्यात आधी तेच पोचणार आहेत.

तर मग यादी

एक, कोर्स. रामेश्वरम, तुतिकोरिन, गोवा इथे शिकवणारे आहेत. रामेश्वरमला थंडीत ईशान्य वारा भरवशाचा असतो. सेमिस्टर संपल्यावर आठ-दहा तासांचं शिक्षण घेऊन ये. तोवर नरपडच्या वाळूवर दोन-तीन मीटरचा छोटा ट्रेनर काइट उडव. दोन, बार आणि मापाचा हार्नेस. तीन, जॅकेट आणि हेल्मेट. चार, काइट. वजन सारखं असलेले दोन-तीन मित्र असाल तर वर्गणी काढून घ्या. पाच, बोर्ड. सहा, वेटसूट.

हो, सहावा. तुझ्या प्रश्नाचं उत्तर, दोन मिलिमीटर. पण तो प्रश्न पहिल्या पाच गोष्टी झाल्यावर विचार.

आणि डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य बुडतो, त्यामुळे पाचला बाहेर ये. थंडीत कित्येक दुपारी वारा पुरेसा नसेलच. त्या दिवशी चिकू खा, ट्रेनर उडव, डहाणू रोडहून लोकल पकडून परत जा. मी अजून जातो नरपडला. होडीवाले काका भेटले की आधी माझी मान बघतात, मग झाडांकडे, आणि विचारतात, “आज गालावर हाय ना रे?”

मी हो म्हटलं की मगच पंप काढतो.

चला, पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. प्रश्न पाठवत राहा.