माणशी तीन रुपये

भोपाळच्या तुलसी नगरात, सरकारी क्वार्टर्सच्या ओळींत राहणाऱ्या पगारदार माणसाला २०८० कोटी ५० लाख हा आकडा डोंगराएवढा वाटेल. देशभरातल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्राने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांकरता ठेवलेली ही रक्कम. ती १४० कोटी लोकांत वाटून पाहा. माणशी वर्षाला तीन रुपये! टपरीवर तेवढ्यात अर्धा कप चहाही मिळत नाही. पोलीस आधुनिकीकरणाची मूळ योजना २६,२७५ कोटींची. त्यातल्या शंभर रुपयांमागे प्रयोगशाळांना आठही आले नाहीत.

२०२२ साली देशात ५८,२४,९४६ दखलपात्र गुन्हे नोंदले गेले. वर्षाचे ४१६ कोटी त्यांवर पसरले तर गुन्ह्यामागे ७१४ रुपये पडतात. प्रत्येक प्रकरण प्रयोगशाळेत जात नाही, आणि राज्ये आपल्या तिजोरीतूनही खर्च करतात, हे मान्य. तरीही रक्कम तोकडीच.

आता तराजूचे दुसरे पारडे बघा. एका ग्रॅमचे २०० कोटी भाग करा आणि त्यातला एक उचला. तेवढ्या डीएनएवरून, म्हणजे जेमतेम ७५ पेशींवरून, आजची किट माणसाची ओळख पटवू शकते. चहाच्या कपाच्या काठावर यापेक्षा जास्त पेशी राहून जाऊ शकतात. पण हा कण उन्हात, ओलाव्यात टिकत नाही. तो नीट उचलणारा, थंड ठेवणारा, तपासणारा आणि साक्षीच्या पिंजऱ्यात वकिलाच्या उलटतपासणीला उत्तर देणारा माणूस लागतो. यंत्र निविदा काढून मिळते, असा माणूस घडायला वर्षे जातात. तोवर कोर्टात तेच ऐकू येते: ‘व्हिसेराचा अहवाल यायचाय, पुढची तारीख.’

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले. तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली. म्हणजे नमुन्यांचा ओघ वाढणारच. जून २०२४ मध्ये केंद्राने आणखी २२५४.४३ कोटी मंजूर केले, पण ते केंद्रीय प्रयोगशाळा आणि राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठासाठी. मध्य प्रदेशची मुख्य प्रयोगशाळा सागरला आहे. तिच्या माणसांचा प्रश्न राज्यालाच सोडवायचा आहे.

तुलसी नगरहून विधानसभा जवळच आहे. अर्थसंकल्पाच्या दिवसांत आपल्या आमदाराला एवढेच विचारा: प्रयोगशाळेतल्या किती जागा यंदा भरणार?